वडिलांसाठी केलेली प्रार्थना फळली नाही. आता प्रार्थना का आणि कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा : विचारणारे तिशीतले, मराठी ख्रिस्ती घरातले, पुण्यात नोकरीला. वडिलांना कर्करोग झाला. घरच्यांनी उपास-प्रार्थना केली, मंडळीने साखळी प्रार्थना लावली. वडील गेले. मातीनंतर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असणार’ असे म्हटले. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. आलेच तर खोटे वाटतात. देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर सांगायचे कशाला, आणि सांगायचेच तर कसे, असे त्यांचे विचारणे आहे.

मी पाळक. अर्धी सेवा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये झाली, उरलेली एका रुग्णालयात, खाटांशेजारी. तुमच्या प्रश्नातला प्रत्येक भाग मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, त्या गृहस्थांचे वाक्यही. म्हणून आधी ते वाक्य बाजूला काढू. ते मनात रुतलेले असेपर्यंत बाकीचे काही सांगून उपयोग नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघडा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. मग पेत्राला धरून तुरुंगात टाकले. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करत होती. रात्री देवदूताने पेत्राला बाहेर काढले आणि तो मंडळी जमली होती त्या घराच्या दारावर येऊन ठोठावू लागला. रुदा नावाची मुलगी दाराशी गेली, तिने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. आत प्रार्थना करणारे तिला काय म्हणाले? ‘तू वेडी आहेस.’ म्हणजे ज्यांची प्रार्थना ऐकली गेली, त्यांचाच ती ऐकली गेल्यावर विश्वास बसेना. विश्वासाची पातळी मोजून देव उत्तर देत असता, तर त्या रात्री पेत्र तुरुंगातच राहिला असता. आणि याकोबाचे काय? त्याच अध्यायात, दुसऱ्याच वचनात तो मारला गेला आहे. त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नसेल असे तुम्हाला वाटते का? तो तर येशूच्या सगळ्यांत जवळच्या तिघांपैकी एक. हे पुस्तक लिहिणारा लूक दोन मृत्यू-जीवनाचे प्रसंग शेजारी ठेवतो आणि एक का गेला, दुसरा का वाचला, याचे कारण देत नाही. मंडळीला दोष तर अजिबात देत नाही.

विश्वास कमी पडला म्हणणारे लोक बहुधा याकोबाच्या पत्राचा (हा याकोब वेगळा) पाचवा अध्याय दाखवतात : विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. वचन खरे आहे, पण पूर्ण वाचा. तिथे दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवायचे आहे आणि प्रार्थना त्या वडिलांनी करायची आहे. कोणाचा विश्वास तपासायचाच असेल, तर त्या वचनाप्रमाणे तो आम्हा पाळक-वडिलांचा तपासावा लागेल. आजारी माणसाच्या मुलाचा नव्हे. (हे मी एकदा वडीलजनांच्या सभेत म्हटले, तेव्हा चहा येईपर्यंत कोणी बोलले नाही.) शिवाय त्याच पत्रात एक अध्याय आधी तोच लेखक सांगतो की ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू’ असे म्हणत जा. दोन्ही वचने एकाच माणसाने एकाच शाईने लिहिली आहेत.

पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. उत्तर आले ते असे : ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते.’ आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत येथे आजारीच सोडले, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीत येऊन जाते; त्यावर खुलासा नाही, खंतही नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी विनंती केली, मत्तय सांगतो की तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून तीनदा केली. प्याला टळला नाही. येशूचा विश्वास कमी पडला असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे प्रार्थनेचे जागरण झाले, ते मराठी ख्रिस्ती घरांत अजून सांगितले जाते : शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या आणि त्याची बातमी देशाबाहेर गेली. प्रार्थनेचे बळ कुठे असेल तर तिथे होते. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली, आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. पण त्या उरलेल्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुढे नेतच होत्या. मनोरमेसाठी केडगावात प्रार्थना कमी झाली असेल, असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. देवाला ठाऊक आहे, मग सांगायचे कशाला? येशूने हा प्रश्न टाळलेला नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वी तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक असतात. आणि लगेच पुढच्या वचनात : म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा. त्याच्या लेखी देवाला ठाऊक असणे ही न मागण्याची सबब नाही. उलट मागायला धीर यावा म्हणून ते सांगितले आहे. माहिती पुरवायची नाही, मन वळवायचे नाही, शब्दांची रास घालून त्याला थकवायचे नाही, तर मग उरते काय? उरते ते त्याच्यापुढे असणे. तुमचे वडील शेवटच्या दिवसांत खाटेवर होते आणि तुम्ही शेजारी बसून ‘बाबा, पाणी देऊ का’ म्हणत होता, तेव्हा त्यातली माहिती महत्त्वाची नव्हती. प्रार्थनेतले बरेचसे बोलणे त्या जातीचे असते.

तरीही मागणे काढून टाकू नका. शिकलेल्या लोकांना हा मोह फार होतो : मी आता देवाकडे काही मागत नाही, फक्त शांत बसतो. ऐकायला उंच वाटते, पण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर आहे. रात्री-अपरात्री शेजाऱ्याचे दार वाजवून भाकरी मागणारा मित्र आहे, अन्यायी न्यायाधीशाला पिडून पिडून न्याय मिळवणारी विधवा आहे. मागा, आणि मागताना दानीएलाच्या पुस्तकातल्या त्या तिघांसारखे मागा. अग्नीच्या भट्टीपुढे उभे राहून ते राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. पण त्याने नाही सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. ख्रिस्ती मागणीला हा ‘नाही तरी’ जोडलेलाच असतो. ‘येशूच्या नावाने मागतो’ असे आपण शेवटी म्हणतो, त्याचा अर्थही माझ्या मते हाच. तो अर्जावरचा शिक्का नव्हे. ज्याने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हटले, त्याच्या मागे उभे राहून मागणे आहे ते.

औषधपाण्याबद्दल एकच वाक्य, कारण रुग्णालयात याचे परिणाम पाहिले आहेत : प्रार्थना सुरू केली म्हणून गोळ्या बंद करा असे जो सांगेल, त्याला घरात पुन्हा बोलावू नका.

आता कशी करायची. इथे मी जे सांगणार आहे ते आपल्या मंडळ्यांमधल्या पुष्कळांना रुचत नाही. आपल्याकडे, विशेषतः प्रॉटेस्टंट घरांत, उत्स्फूर्त प्रार्थनेला फार मान. पुस्तकातली प्रार्थना म्हणजे मनापासून नाही, पाठ केलेली म्हणजे पोपटपंची, असा समज. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ‘चल, प्रार्थना कर’ म्हणून उभे केले जाते, आणि तो बिचारा मोठ्यांचेच तुकडे जोडतो : हे प्रेमळ, दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या, या क्षणापर्यंत सांभाळलेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो… उत्स्फूर्त म्हणतात ती प्रार्थनाही बहुतेक पाठच असते; फक्त कोणी लिहून ठेवलेली नसते. काही ज्येष्ठ मंडळी तर प्रार्थनेतूनच सूचना देतात : हे प्रभू, तुला ठाऊक आहे की गेल्या शुक्रवारच्या सभेला कोण कोण आले नव्हते.

मला उत्स्फूर्त प्रार्थनेविषयी आकस नाही. अडचण अशी की ती माणूस धडधाकट असताना चालते. दुःखात, थकव्यात, संशयात स्वतःचे शब्द सगळ्यांत आधी जातात. तुमचे तेच झाले आहे. त्याचा अर्थ तुमची प्रार्थना संपली असा नाही. तुमची स्वतःची शिदोरी संपली, आणि आता ठेवणीतले बाहेर काढायची वेळ आली. ख्रिस्ती मंडळी मुळात उसन्या शब्दांवर प्रार्थना करायला शिकली आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य सगळ्यांच्या वतीने येशूला म्हणतो, प्रभूजी, (बाप्तिस्मा करणाऱ्या) योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. यहूदी घरांत वाढलेली, सभास्थानात जाणारी माणसे ती. तरी त्यांनी शिकवा म्हटले, आणि येशूने ‘मनात येईल ते बोला’ असे सांगितले नाही, शब्द दिले. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ‘दिदाखे’ नावाची एक छोटी शिकवण उपलब्ध आहे, तीत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असा स्पष्ट नियम आहे. आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. मरताना तो लहानपणी पाठ केलेले म्हणत होता.

रुग्णालयात हे मी वारंवार पाहिले. नातवाचे नाव आठवत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही अशा आजीबाईंशेजारी बसून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढे म्हटले की पुढचे त्या म्हणतात, न चुकता, शेवटच्या आमेनपर्यंत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हेही तसेच. त्या बायकांनी आयुष्यभर काय उत्स्फूर्त प्रार्थना केल्या ते कोणाला आठवत नव्हते, त्यांनाही नाही. लहानपणी शब्बाथशाळेत घोकलेले मात्र शाबूत होते.

तेव्हा सुरुवात प्रभूच्या प्रार्थनेपासून करा, पण रविवारी म्हणतो त्या वेगाने नाही. १५३५ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्याने, पेत्र त्याचे नाव, नेमका तुमचाच प्रश्न विचारला होता : प्रार्थना कशी करू? ल्यूथरने त्याला भलेमोठे पत्रच लिहिले. त्यात तो सांगतो की मी स्वतः दहा आज्ञा किंवा प्रभूची प्रार्थना घेतो आणि एकेका वाक्यावर थांबतो. त्यातून मला काय शिकायचे, कशाबद्दल आभार मानायचे, कशाची कबुली द्यायची आणि काय मागायचे, अशा चार पदरांनी ते वाक्य विणतो. सगळी वाक्ये झालीच पाहिजेत असे नाही. एकाच वाक्यात मन रमले तर बाकीची सोडून द्यावी. आणि लक्ष असावे ते चांगल्या न्हाव्याचे वस्तऱ्यावर असते तसे. इकडेतिकडे बघत गप्पा मारत राहिला तर गिऱ्हाईकाचे तोंड, नाक, गळाही कापला जाईल. हे पत्र वाचताना जाणवते की ल्यूथरने न्हाव्याला संन्याशाची साधना सांगितली नाही. दुकान उघडण्याआधी करता येईल असे काहीतरी सांगितले.

तुमच्या परिस्थितीत त्या प्रार्थनेतली तीन वाक्ये विशेष जड जातील, म्हणून त्यांच्यावर थोडे थांबतो.

‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ हे वाक्य आपण मौतीच्या घरात फार घाईने वापरतो. देवाची इच्छा होती, असे म्हणून विषय मिटवतो. प्रार्थनेत ते वाक्य वेगळ्या जागी आहे. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ असे त्याला जोडलेले आहे. म्हणजे अजून पृथ्वीवर त्याच्या इच्छेप्रमाणे सगळे होत नाही, हे त्यात गृहीत आहे; होत असते तर मागायची गरज काय? वडिलांचा कर्करोग ही देवाची आवडती योजना होती असे मानायची सक्ती ही प्रार्थना तुमच्यावर करत नाही. हे वाक्य म्हणताना तुम्ही हार मानत नसता. जग असायला हवे तसे नाही, अशी तक्रार नोंदवत असता.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ आजची. पुढच्या वर्षाची नाही. दुःखाच्या पहिल्या वर्षात मी लोकांना एवढेच वाक्य देतो. आज कामावर जाण्यापुरते बळ, आज आईशी नीट बोलण्यापुरता धीर. शिवाय सगळी प्रार्थना ‘आम्ही’ची आहे, एकट्याने खोलीचे दार लावून म्हटली तरी. भाकर मागताना ज्याच्या घरी ती नाही तो आपोआप त्यात येतो, आणि मग याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय गाठतोच : उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे नुसते म्हणून काय उपयोग?

तिसरे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ संपूर्ण प्रार्थनेतले हे एकच वाक्य येशूने नंतर पुन्हा समजावून सांगितले आहे, तेही बजावून : तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिता तुम्हाला करणार नाही. खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ मी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून हे वाक्य म्हणताना पाहिले आहेत. त्या गृहस्थांना तुम्ही आज क्षमा करू शकत नसाल तर खोटे बोलू नका. वाक्य म्हणा आणि त्यांच्या नावाशी थांबा. ‘प्रभू, हे अजून सोडता येत नाही’ असे सांगा. तीही प्रार्थना आहे. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, आजारी मुलाचा बाप, येशूला काय म्हणाला? ‘माझा विश्वास आहे; माझा अविश्वास घालवून टाका.’ एवढ्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यावर त्याचे काम झाले.

प्रभूच्या प्रार्थनेनंतर स्तोत्रे. आपण तेविसावे, एकशे एकविसावे, फार तर एक्कावन्नावे पाठ करतो आणि बाकीचे ठेवून देतो. दीडशेपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ती बायबलमध्ये चुकून शिरलेली नाहीत. तेरावे स्तोत्र देवाला विचारते की तू मला कायमचाच विसरणार आहेस का. चव्वेचाळिसावे त्याला म्हणते, जागा हो, झोपलास का? अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. बहुतेक विलापस्तोत्रे मध्येच कुठेतरी वळण घेऊन स्तुतीकडे येतात, हे नाही येत. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते देवाला उद्देशून आहे. तुम्हाला तुमचे शब्द खोटे वाटतात असे तुम्ही लिहिले. कारण बहुधा तुम्ही आभारांपासून सुरुवात करायचा प्रयत्न करत आहात, सवयीप्रमाणे. आभार राहू द्या. अठ्ठ्याऐंशीवे मोठ्याने वाचा. ते खोटे वाटणार नाही.

उपासाचे काय, असेही तुम्ही विचारले आहे. वडिलांसाठी केलेला उपास फुकट गेला का? दुसरे शमुवेल, अध्याय १२. दाविदाचे मूल आजारी पडले. तो उपास करून रात्ररात्र जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल दगावले. सेवकांना वाटले, आता हा जिवाचे काही बरेवाईट करून घेईल. दावीद उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन दंडवत घातले आणि मग घरी येऊन जेवला. लोकांना हे विचित्र वाटले. त्याने सांगितले, मूल जिवंत होते तोवर मी उपास केला, म्हटले कोण जाणे, परमेश्वर कृपा करील. ‘कोण जाणे’ हे त्याचे शब्द मला फार प्रामाणिक वाटतात. उपास हा सौदा नव्हता; मुलाच्या दुखण्यात तो आपल्या शरीराने सामील झाला होता. तुम्हीही तेच केलेत. ते वडिलांवरचे प्रेम होते, देवाकडे भरलेली अनामत नव्हती, म्हणून ते फुकट जाण्याचा प्रश्नच येत नाही.

रोजचा व्यवहार कसा ठेवायचा, तेही सांगतो, कारण ‘निरंतर प्रार्थना करा’ हे ऐकून माणूस घाबरतो आणि काहीच करत नाही. एक जागा, एक वेळ. सकाळी फोन हातात घेण्याआधी. प्रभूची प्रार्थना सावकाश, एक स्तोत्र, मग नावे. नावांसाठी वही ठेवा. कोणाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असे म्हटले की तिथल्या तिथे लिहा, नाहीतर ते वाक्य ‘कळवतो’सारखे होऊन जाते. प्रत्येक नावाशी लांबलचक बोलायची गरज नाही, नाव घेतले तरी पुरे. दहा-पंधरा मिनिटांत हे आटोपते. रात्री दिवसाकडे मागे वळून पाहायचे : कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, उद्या कशासाठी कृपा हवी. ही पद्धत मी येशूसंघीय धर्मगुरूंकडून उचलली, त्यांच्या संघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याच्या परंपरेतली ती. आपल्या मंडळीचे नाहीत म्हणून त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही, हे मला पटत नाही. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी सगळे कुटुंब बसून जपमाळ म्हणते. मरियेकडे मध्यस्थी मागण्याबाबत आपले त्यांच्याशी मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. पण थकूनभागून आलेल्या माणसाला बोटांनी मोजत, ठरलेल्या शब्दांत प्रार्थनेत टिकून राहता येते, ही त्यांची शहाणीव आपण गमावली आहे.

बसमध्ये, लिफ्टमध्ये, कामाच्या मध्ये एखादे छोटे वाक्य असू द्या. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन, देवाने मदतीला त्वरेने यावे अशी ती हाक, दिवसभर म्हणत असत. कासियान नावाच्या साधूने पाचव्या शतकात ते लिहून ठेवले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे श्वासाबरोबर म्हणतात. त्यातला शेवट जकातदाराचा आहे, लूकच्या अठराव्या अध्यायातला, जो मंदिरात दूर उभा राहून छाती बडवत होता आणि नीतिमान ठरून घरी गेला. गाणे सोपे जात असेल तर ‘उपासना संगीत’ हे आपले गीतपुस्तक काढा. त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची पुष्कळ पदे आहेत, आणि ओवी-अभंगावर वाढलेल्या माणसाने लिहिलेली असल्याने ती आपल्या तोंडात बसतात; इंग्रजीवरून बेतलेल्या काही गीतांसारखी अडत नाहीत.

काही जाणवणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कदाचित महिनोन्‌महिने. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण त्यांनी दशकानुदशके देवाची जवळीक जाणवत नसल्याचे लिहिले होते. रोज पहाटे त्या प्रार्थनेला मात्र बसत होत्या. जाणीव येते-जाते, तिच्यावरून प्रार्थनेचा हिशेब करू नका. आणि शब्द अजिबातच नसतील, अगदी उसनेही, तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की आपल्याला काय मागावे ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो. मी स्वतः खाटांशेजारी बसून कितीतरी वेळा नुसता गप्प राहिलो आहे. तिथे हिंदू, मुसलमान नातेवाईकही ‘पादरीबाबा, आमच्या माणसासाठी पण म्हणा काहीतरी’ असे सांगायचे, आणि काय म्हणावे हे प्रत्येक वेळी सुचायचेच असे नाही.

मंडळीत जाणे सोडू नका, तिथले काही लोक आवडत नसले तरी. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथे लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाने काही म्हटल्याचे लिहिलेले नाही. सध्या तुम्ही खाटेवर आहात. रविवारी शेजारचे लोक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतील तेव्हा तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालेल. त्या वेळेपुरते त्यांनी उचलून धरले असे समजा. पुढे कधीतरी तुमची पाळी येईल.

वडिलांच्या पहिल्या स्मरणदिनाची उपासना घरी ठेवायची की नाही, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. ठेवा. पाळकांना आधी भेटून सांगा की तेरावे स्तोत्र वाचायचे आहे, आणि बोधपर भाषण आखूड ठेवावे. ज्यांना प्रार्थना करायला सांगाल त्यांना आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी उभे करू नका. ते गृहस्थ आले तर येऊ द्यात. बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्रही त्याला हेच सांगत होते, तुझेच काहीतरी चुकले असणार, आणि पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही. मग ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावतो. तुम्हाला ते या वर्षी जमले नाही तर पुढच्या वर्षी बघा. आईला मात्र विचारा की वडील कोणते गीत गुणगुणायचे, आणि तेच लावा.